जावळाची वाट

आमच्या घरात आत्याला मानाची दोनच कामं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि जावळ काढताना खाली पडणारे केस पदरात झेलायचे. पहिलं काम मी झोकात केलं. पाठीत एवढे धपाटे खाल्ले की दोन दिवस फळ्यावर लिहायला हात वर जाईना. दुसरं काम मात्र अडून राहिलं, कारण बाळाच्या डोक्यावर झेलण्यासारखं काही नव्हतंच.

बाळ माझ्या धाकट्या भावाचं. भाऊ निमगाव केतकीच्या अलीकडं मळ्यात राहतो आणि भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतो. त्याची बायको म्हणजे आमची मामेबहीण, बावड्याच्या मामाची मुलगी. मामाची मुलगी करून घ्यायची रीत आमच्यात पूर्वीपासूनची; आमची आईही तशीच, आपल्या आत्याच्या घरात सून म्हणून आलेली. घरातली पोरगी घरात, पाहुणे सगळे ओळखीचे, कुणाचे स्वभाव नव्यानं शिकायला नकोत. मी स्वतः बारामतीला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.

बाळंतपण बावड्याला झालं. बारशाला बाळ टोपड्यात होतं, आणि एवढी तान्ही पोरं गोटा असतातच, त्यामुळं माझ्या काही ध्यानात आलं नाही. मायलेकरं मळ्यात परत आली तेव्हा कॉलेजात परीक्षा चालू होत्या. त्या उरकल्यावर एका दुपारी मी एसटीनं गेले. वहिनीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

मी टोपडं काढलं. डोक्यावर लवसुद्धा नव्हती. भुवया नव्हत्या, पापण्यांना केस नव्हते. बाळ माझ्याकडं बघून तोंडभर हसलं. बिनभुवयांचं हसू आधी गमतीशीर वाटतं. मग नाही वाटत.

"ह्याचं जावळ कधी यायचं गं?" मी विचारलं.

आई जवळच मिरच्या निवडत बसली होती. "येतंय की. आपल्यात समद्यांचंच उशिरा येतं. मी रोज एरंडेल चोळतीया. उद्यापासनं कांद्याचा रस लावणार हाय."

"माझं टक्कल पन्नाशीत पडणार," भाऊ म्हणाला, "ह्यानं आधीच उरकून घेतलंय."

सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात बाळानं जांभई दिली आणि मला त्याच्या टाळूवर, गालाच्या आतून पांढरा थर दिसला. "दूध हाय ते, आक्का," वहिनी आतून म्हणाली. मी ओलं फडकं बोटाला गुंडाळून पुसून बघितलं. निघालं नाही. मग मी उगाच लाड करतेय असं दाखवत त्याचे हात बघितले. नखं खोलगट, वेडीवाकडी. डाव्या दंडावर जन्मल्यावर दिलेल्या लशीची जागा अजून ओली होती आणि बगलेत गाठ लागत होती. जुलाब होतात का म्हणून विचारलं, तर दात येत असतील, असं दोघी म्हणाल्या. पाचव्या महिन्यातलं बाळ, पण मांडीला त्याचं वजन जाणवत नव्हतं. चहा तसाच ठेवून मी त्याला टोपडं घातलं.

एमएस्सी झाल्यावर काही काळ मी पुण्यात एका प्रयोगशाळेत होते. शास्त्रज्ञ वगैरे नव्हते, उंदीर सांभाळायचं काम होतं. ते उंदीर जन्मतःच बिनकेसांचे. गुलाबी, सुरकुतलेले, सारखे थरथरणारे. त्यांच्या पिंजऱ्यांना हवा गाळणारी झाकणं, त्यांचं खाणं वाफेवर निर्जंतुक केलेलं, आणि आत जाताना आम्ही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. कारण त्यांना केस नसतात हे बाहेरून दिसतं, छातीत थायमस नसते ते दिसत नाही. बाहेरचा एक साधा जंतू आत गेला की पिंजरेच्या पिंजरे रिकामे व्हायचे.

थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी. मोठ्या माणसात ती आक्रसून जाते, तान्ह्या बाळात चांगली ठसठशीत असते. हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, जन्मलेल्या कोवळ्या पेशी रक्तातून तिथं येतात, तिथं त्यांना वळण लागतं आणि त्यांच्या टी पेशी होतात. काही जंतू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या, काही दुसऱ्यांना कामाला लावणाऱ्या. ज्या उलटून आपल्याच शरीरावर उठतील अशा निघतात, त्या तिथंच मोडून टाकल्या जातात. हे सगळं ज्यांच्या हुकमानं चालतं ती प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. हा शब्द आला की माझ्या वर्गात पोरं जांभया द्यायला लागतात, म्हणून मी त्यांना ऊसतोडीचा मुकादम सांगते. मुकादम स्वतः कोयता चालवत नाही, पण कुठल्या फडात कुणी उतरायचं ते तो सांगतो, आणि तो आला नाही तर कोयते तसेच पडून राहतात. पेशीतली हजारो जनुकं तशीच. कोणतं जागं करायचं, कोणतं झोपू द्यायचं, हे असले मुकादम ठरवतात. एक मुकादम थायमसमध्ये आलेल्या पेशीचे बाकीचे रस्ते बंद करतो, मग तिला टी पेशी होण्यावाचून इलाज उरत नाही. पुढं दोघांची ओढाताण होते. एकाचं चाललं तर ती पेशी मदतनीस होते, दुसऱ्याचं चाललं तर मारेकरी.

पण या सगळ्यांच्या आधी एक मुकादम लागतो, आणि तो त्या पेशींचा नसतो, खुद्द थायमसच्या भिंतींचा असतो. त्याच्या हुकमाशिवाय त्या भिंती घडत नाहीत, आणि भिंती नाहीत तर आलेल्या पेशींना वळण लावणार कोण? हाच मुकादम कातडीत केसांच्या आणि नखांच्या कामावरही असतो. त्याचं जनुक आईकडून बिघडलेलं आलं आणि बापाकडूनही तेच बिघडलेलं आलं, तर केस नाहीत, नखं वाकडी, आणि छातीत थायमस नाही.

हे सगळं मला माहीत होतं आणि ते मी भावाच्या अंगणात बसून आठवत होते. एसटीत बसले तरी तेच. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर या कामात पहिल्यापासून हुशार. नवऱ्याला खोकला आला की मला क्षय दिसतो. म्हणून मी स्वतःलाच दटावत होते, की तुला जिकडंतिकडं रोगच दिसतात, लाखात एखाद्याला होणारं ते आपल्याच मळ्यात कसं येईल? पण मामाची मुलगी करणाऱ्या घरात लाखाचा हिशोब चालत नाही, हे वर्गात मीच शिकवते. बारामती कधी आली ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घाबरवलं नाही, आणि धीरही दिला नाही. "आधी बाळाला आणा. छातीचा फोटो काढू, रक्त बघू. आणि तोवर गर्दीत नेऊ नका," एवढंच म्हणाल्या.

घरी येते तोच आईचा फोन. जावळ पुढच्या रविवारी ठरलं होतं. केस नसले म्हणून काय झालं, रीत कशी चुकवायची? नुसता वस्तरा डोक्याला टेकवायचा. मामाच्या मांडीवर बसवायचं, बावड्याचे सगळे येणार, भावकी येणार, जेवणाला आचारी सांगितला होता. माझ्या डोळ्यांसमोर आला तो वस्तरा. मग त्या बायका, एकेक करून बाळाची अलाबला घेणाऱ्या, गालाचा मुका घेणाऱ्या. खोकणारी पोरं. मी घाईनं म्हणाले, "आई, रविवारी काही करू नका. हे साधं नाही. मी पुण्यात असले उंदीर बघितलेत."



"नातवाला उंदीर म्हणतीस?" आई म्हणाली. "आत्या हाईस का कोण हाईस तू?" आणि फोन बंद झाला.

त्यानंतर माझं शास्त्र म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "आक्का, आई लई रडलीया. आता ते शिक्षण जरा बाजूला ठेव." वहिनीनं फोन उचललाच नाही. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. आणि रागापेक्षा भीती मोठी होती. रविवार जवळ येत होता आणि मला कुणी विचारत नव्हतं.

मग सुचलं, की शिकलेल्या बाईला आमच्या घरात कुणी विचारत नसेल, पण आत्याला विचारावंच लागतं. आत्या नसेल तर केस झेलणार कोण? केस नसले तरी पदर धरायला ती लागतेच. मी आईला निरोप धाडला: मी जावळाला येणार नाही. कारण सांगितलं नाही.

याचा अर्थ आमच्याकडं एकच होतो. आत्याबाई रुसल्या, मान हवाय. मावश्या, चुलत्या, बावड्याची मामी, सगळ्यांना एका दिवसात समजलं की बारशाची साडी आत्याला पसंत पडलेली नाही. मला चार फोन आले. "एवढी शिकलेली तू, आन् साडीवर रुसलीस व्हय?" मामीनं टोमणा मारला. मी तोंडातून शब्द काढला नाही. रुसायचं तर नीट रुसावं लागतं.

शुक्रवारी भाऊ मोटरसायकलवर बारामतीला आला. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. आत मोरपंखी रंगाची, जरीकाठाची चांगली भारी साडी होती. ती माझ्यासमोर ठेवून तो ओशाळून हसला. "घे बाई. आता तरी चल."

"साडी नको मला."

"मग काय पायजे? पैठणी?"

"फोटो पाहिजे. बाळाच्या छातीचा. आणि रक्त तपासायचं. ते झाल्याशिवाय मी पदर धरणार नाही, आणि माझ्याशिवाय तुम्ही वस्तरा लावायचा नाही."

त्याला तो बहिणीचा हट्ट वाटला, आणि साडीपेक्षा स्वस्तातला. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. "एवढंच व्हय? उद्या आणतो की." जावळ पुढच्या महिन्यावर ढकललं. आचाऱ्याला त्यानं माझ्यासमोरच फोन केला.

फोटो काढताना बाळ रडलं. डॉक्टरबाईंनी तो उजेडावर धरला तेव्हा मी खुर्चीतून उठून त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. एवढ्या लहान बाळाच्या फोटोत हृदयाच्या वरच्या अंगाला थायमसची एक रुंद, त्रिकोणी, पांढुरकी सावली दिसायला हवी. मी ती पुस्तकांत कितीदा बघितलेली. मी शोधत होते आणि डॉक्टरबाईही शोधत होत्या. तिथं नुसतं काळं होतं. आजारपणात ही सावली बारीक होते, नुसत्या फोटोवरून काही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पण आवाज बदलला होता. रक्त मुंबईला पाठवलं.

भावाला मी दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली समजावून सांगितलं. उंदराचं नाव काढलं नाही. म्हटलं, तुझ्या नर्सरीसारखं आहे. हाडांच्या मगजात बी तयार होतं, चांगलं होतं. पण ते ट्रेत टाकून रोप करायची, कडक करायची, मर लागलेलं उपटून टाकायची जी जागा असते, ती जागाच कदाचित बाळात नाही.

 तो म्हणाला, "माझं पोरगं म्हंजी रोप न्हाय, आक्का." आणि गाडीत बसलेल्या वहिनीकडं निघून गेला. मला चांगलंच लागलं ते. पण बरोबर होतं त्याचं.

मुंबईचा निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नये.  वर्गात मी एकदा तोच धडा शिकवत होते, मुकादमापर्यंत आले आणि पुढचं वाक्यच आठवेना. पोरांना वाटलं बाईंना चक्कर आली. शेवटी डॉक्टरबाईंनीच बोलावून घेतलं. टी पेशी जवळजवळ नव्हत्या. पुढं जनुकांची तपासणी झाली तेव्हा तोच मुकादम निघाला, दोन्हीकडून एकच बिघाड, आईकडून आणि बापाकडून. दोघांच्यात त्या जनुकाची दुसरी प्रत चांगली, म्हणून दोघं धडधाकट.

वहिनी माझ्यापेक्षा बरीच लहान. सुट्टीत बावड्याला गेले की मी तिच्या वेण्या घालायची. लग्न झाल्यावरही तिनं मला आक्काच म्हटलं, फक्त रागावली की वन्सं म्हणायची. त्या दिवशी तिनं विचारलं, "वन्सं, म्हंजी आमचं लगीन झालं म्हणून हे झालं?"

"नाही गं, नशिबाचा..." मी सुरू केलं.

"खरं सांगा."

"हो," मी म्हणाले. "म्हणजे तेवढ्यानंच नाही. पण हो."

तिनं मान हलवली आणि बाळाला पदराखाली घेतलं.

त्यानंतर भाऊ माझ्याशी फारसं बोलला नाही, पण कामाला लागला. रोपांवर कीड येऊ नये म्हणून नर्सरीला एकामागं एक दोन दारं असतात, पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तशीच दोन दारं त्यानं मधल्या खोलीला केली. खिडक्यांना नर्सरीतलीच बारीक जाळी. दोन दारांच्या मध्ये हात धुवायचं, कपडे बदलायचे, मग आत. आत फक्त वहिनी आणि भाऊ. आई जाळीच्या बाहेर पाट टाकून बसायची आणि तिथूनच बाळाला हाका मारायची, चिऊकाऊ म्हणायची. तो मान वळवून आवाज शोधायचा. एरंडेलाची वाटी तिनं आपणहून उचलून ठेवली. कांद्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

औषधं चालू झाली, मुंबईच्या खेपा झाल्या. दंडावरच्या त्या लशीतले दुबळे केलेले जिवंत जंतू बाळाच्या अंगात पसरले होते. ती लस चांगलीच, गावातली सगळी पोरं तिच्यावर वाचतात. तिला तोंड द्यायला लागतात त्या पेशीच याच्यात नव्हत्या. हाडांचा मगज बदलता येतो, पण मगज म्हणजे बी, जागा कुठून आणायची, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. थायमसचा तुकडा लावण्याची सोय लांब परदेशात एखाद-दोन ठिकाणीच. त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. मी कॉलेजातून आले की इंग्रजीत मेल लिहायची, उत्तर आलं का म्हणून दर तासाला बघायची.

थंडीत बाळाच्या छातीत कफ झाला आणि तो गेला. उत्तर यायचं होतं.

आधी कळलं असतं तर, बारशालाच टोपडं काढून नीट बघितलं असतं तर, असं मी घोकत राहिले. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आमच्यात म्हणतात. मला ती म्हण त्या दिवसांत कुणी ऐकवली नाही, माझी मीच ऐकवली. आई मात्र कुणाला काही बोलली नाही. भेटायला आलेले सगळे उठून गेल्यावर एकदाच म्हणाली, "जावळ राहिलं त्याचं." मला एवढा संताप आला की मी तिच्यावर ओरडणार होते. तेवढ्यात तिचे हात दिसले. मांडीवर टोपडं होतं आणि ती ते आतून बाहेरून चाचपत होती, केस शोधावेत तसं. 

मोरपंखी साडी मी कपाटात तळाला ठेवली.

पुढं वहिनीला पुन्हा दिवस गेले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथं तर आम्हाला ताकाकडं बघायचंही धाडस होईना. चारात एक, हे प्रमाण मी फळ्यावर हजार वेळा लिहिलं असेन. चारातली तीन मुलं चांगली. पण ती तीन मला दिसेनात, एकच दिसायचं. सुरुवातीच्याच महिन्यांत पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, तोच बिघाड दोन्हीकडून आलाय का ते कळतं. मी सगळी चौकशी केली, दवाखाना ठरवला, गाडीसुद्धा सांगितली. वहिनी म्हणाली, "मी न्हाय येणार."

मी चिडले. हात जोडले. पुन्हा चिडले. "कळलेलं काय वाईट? पुन्हा सगळं तेच भोगायचंय का तुला?"

"आक्का," ती म्हणाली, आणि ती आक्का म्हणाली म्हणून मी जास्त घाबरले. "त्याच्या येळंला आदी कळलं असतं, तर तो मला भेटलाच नसता."

 मला तिचं पटलं नाही. आजही पटत नाही. पण मी गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं. पुढचे महिने घरातलं कुणी बाळाबद्दल मोठ्यानं बोललं नाही. टोपडी शिवली नाहीत. डोहाळे कसले लागलेत हेसुद्धा कुणी विचारलं नाही. मधल्या खोलीची दोन दारं तशीच होती, भाऊ जाता-येता त्यांच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचा.

या वेळचं बाळंतपण बावड्याला नको, बारामतीला करायचं, एवढं माझं ऐकलं. सकाळी तिला आत नेलं. बाहेर आम्ही चौघं, आई, भाऊ, बावड्याचा मामा आणि मी. मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की केसांवरून काही ठरवायचं नाही, नाळेतलं रक्त तपासायला जाणार आहे, त्याचा निकाल येईल तेव्हाच काय ते समजायचं. मामानं मान डोलावली. आई भिंतीकडं बघत होती. भाऊ एका टाइलवर उभा होता तो तिथून हललाच नाही.

दार उघडलं. नर्सबाई हसत बाहेर आल्या, आता विचारतील म्हणून थांबल्या. बाहेर उभे असलेले लोक एकच गोष्ट विचारतात, त्यांना सवय असणार.

"केस हायत का?" आईनं विचारलं.

"काय?"

"बाळाच्या डोक्याला. केस हायत का?"

नर्सबाईंनी आमच्या चौघांची तोंडं बघितली. "आहेत की. चांगले काळेभोर आहेत, कपाळावर आलेत. मुलगी झालीये."

शेवटचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नसावं. भाऊ आहे तिथंच खाली बसला. मामा देवाचं नाव घ्यायला लागला. मी शास्त्राची बाई, रक्ताचा निकाल येईपर्यंत थांबणार होते. मी भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं रडले. निकाल पुढं आला तो चांगलाच आला. पेशी हव्या तेवढ्या. तिच्या छातीचा फोटो काढायची काही गरज नव्हती, तरी आम्ही काढला. हृदयाच्या वर ती सावली होती. मी ती भावाला बोटानं दाखवली, कडेकडेनं सगळी. त्यानंही तिच्या कडेनं बोट फिरवून बघितलं.

आता ती वर्षाची होत आली. परवा मी मळ्यात गेले ती मोरपंखी साडी नेसून. म्हटलं, या वेळी रुसायचं नाही, आपणहून विचारायचं. वहिनी मला बघून हसली आणि लटकं रागावून म्हणाली, "वन्सं, आत्ताच नेसून आलासा? मग जावळाला दुसरी घ्यावी लागंल." मधल्या खोलीची दोन्ही दारं उघडी होती आणि त्यांना विटा लावल्या होत्या.

आई ओट्यावर पोरीला पुढ्यात घेऊन विंचरत होती. केस मानेवर आलेले, तेलानं चपचपीत.

"कधी काढायचं जावळ?" मी विचारलं.

"न्हाय काढायचं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. रीत रीत म्हणून बिनकेसांच्या डोक्याला वस्तरा टेकवायला निघालेली हीच बाई. "अगं, पण देवाला काय सांगशील?"

"सांगितलंय मी." ती विंचरत राहिली. "म्हटलं, त्याचं दिलं न्हाईस, हिचं मागू नगंस."

पोरगी फणी ओढत होती. आईनं ती तिच्या मुठीतून सोडवली, दात्यांत अडकलेले दोन-चार केस बोटानं काढले आणि माझ्याकडं हात केला.

"घे. हेवढं तरी झेल."

मी पदर धरला.